टेकोडे आणि कुत्र्याची छत्री

धामणगाव बढेच्या बाजूला, डोंगराला लागून आमचं गाव. घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. त्या श्रावणात खामगावहून सुट्टीत आले आणि एकटीच रानात जाऊन ओचाभर टेकोडे घेऊन आले. टेकोडे म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या. त्यांच्या भाजीपुढं मटण मागं पडतं.

आईनं ओचा पाहिला. म्हणाली, "मुळं कुठी हायेत वं?"

माती नको म्हणून मी सगळे जमिनीलगत विळ्यानं कापले होते. टेकोड्याचं मूळ वारुळात हातभर खोल जातं. कुत्र्याची छत्री दिसायला तशीच पण विषारी, तिचं मूळ जागच्या जागी संपतं. आमच्याकडच्या बाया मुळावरूनच ओळखतात, म्हणून टेकोडा खणून काढतात. ओळखायची खूणच मी रानात सोडून आले होते. तरी हटले नाही. वनस्पतीशास्त्र शिकते, मला कळतं, असं बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि टेकोडे उकिरड्यावर नेऊन टाकले.

मला फार लागलं. माझ्या हातचं आईलाच खाववत नसेल तर शिकून काय उपयोग? मागून जाऊन मी दोन टोप्या उचलून आणल्या. एकीला मधोमध टोक होतं, दुसरी खवल्याखवल्यांची. टोपीखाली झडणाऱ्या बीजाणूंच्या रंगावरून जात ओळखता येते, हे कॉलेजात शिकले होते, म्हणून पांढऱ्या कागदावर ठेवून वर वाट्या झाकल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तर टोकवालीखाली फिकट गुलाबी भुकटी, दुसरीखाली हिरवट. गुलाबी टेकोड्याची, हिरवट कुत्र्याच्या छत्रीची. चांगल्यांत विषारी मिसळल्या होत्या.

कागद लपवावा असं आलं मनात. पण दाखवला. आई निरखून हसली. "कागद खरं बोलते बाई. पण तोवर आपली भाजी खाऊन झाली असती नं."

मग खुरपं देऊन ती मला वारुळाकडे घेऊन गेली. ते वारूळ आता नाही, तिथं सोयाबीन उभं असतं. तरी तिथून जाताना मी अजून वाकून पाहते. त्या दिवशी ती दगडावर बसून राहिली, हात लावला नाही. माझ्याकडून तीनदा मूळ तुटलं. चौथ्यांदा अख्खं निघालं, उंदराच्या शेपटीसारखं.

दुपारी भाजीचा पहिला घास तिनं घेतला, मला काही न विचारता.