बिडी सोडलेला माणूस

"तू जाय, मी शे आठे," असं म्हणून तो दाराकडे हात करायचा. यंत्रमागांच्या खडखडाटात ‘मी आहे इथे’ हे शब्द कुणाला ऐकू यायचे नाहीत, पण हात दिसायचा. सुरतेतल्या बमरोलीच्या आमच्या कापड कारखान्यात कारागिराला मधली सुट्टी अशी नव्हतीच. बिडी ओढायला तेवढं बाहेर जाता यायचं, तेही शेजारच्याने आपले माग सांभाळले तर. जो बिडी ओढत नाही त्याचं बाहेर काय काम? त्यामुळे बिडी सोडली त्या दिवसापासून तो बारा-बारा तास आतच राहिला आणि आम्हा सगळ्यांचे माग सांभाळू लागला.

त्याआधी आमच्यात सगळ्यात मोठा बिडीबहाद्दर तोच होता. खानदेशातून मी सुरतेला आलो तेव्हा माग चालवायला त्यानेच शिकवलं आणि बिडी ओढायलाही. दोन्ही विद्यांत मी त्याच्या हाताखाली तयार झालो.

त्याला एकच मुलगी. नऊ-दहा वर्षांची, दम्याची. राहायला एकच खोली, तीत स्टोव्ह, तीत हा. एका संध्याकाळी तिला श्वास घेता येईना. हा जवळ बसून पाठ चोळायला लागला, तर तिने त्याचा हात बाजूला केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या अंगाचा वास तिला सोसत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने बिडीचं बंडल गटारात टाकलं. हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

पहिले पंधरा दिवस त्याने आमचा जीव नकोसा केला. मुकादमाशी भांडला, चहावाल्याशी भांडला, एकदा तर बंद पडलेल्या मागाला त्याच्या सात पिढ्यांवरून शिव्या दिल्या. मग खिशात बडीशेप आली. तुटलेल्या सुताचे तुकडे बोटांत वळत बसायची सवय लागली. वळून वळून ते बरोब्बर बिडीएवढे झाले की टाकून द्यायचा. आमच्या धुराचा वास लागू नये म्हणून घरी जायचा सदरा वेगळ्या पिशवीत बांधून ठेवायचा. आम्ही हसायचो. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल आणि तुम्हीही हसला असाल.

बिडी गेली तशा गप्पाही गेल्या. कोणाच्या घरी काय चाललंय, गावाकडे पाऊस किती झाला, सगळं बाहेर भिंतीशी उकिडवं बसून बोललं जायचं. त्याला काही कळायचं नाही. माझ्या भावाचं लग्न ठरल्याचं त्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं, आणि ते त्याला फार लागलं.

तीन वर्षं झाल्यावर मी एकदा विचारलं, "भाऊ, आते बी बिडीनी याद येस का?"

"येस ना. रोज येस," तो म्हणाला. "पन पोर आते रातभर झोपस."

त्याच वर्षी पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि आठवड्यात तो गेला. कारखान्यात लोक म्हणाले, बिडी सोडून काय मिळवलं? मला त्यांचा राग आला, पण त्यांच्याबरोबरच बिडी ओढायला बाहेर गेलो.

दहाव्याला तापीच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसून होते, शिवेनात. गावाकडे शेतीकडे बघू म्हणून झालं, बायकोला सांभाळू म्हणून झालं. ऊन चढायला लागलं. आमच्यात अशा वेळी मेलेल्याच्या आवडीची वस्तू ठेवतात. कोणीतरी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातली एक बिडी काढली आणि पिंडाशेजारी ठेवली. वाईट मनात काहीच नव्हतं. माणूस सुटावा, एवढंच.

लगेच एक कावळा उतरला आणि भात घेऊन गेला.

सगळ्यांना हायसं वाटलं. "त्याना जीव बिडीमां अटकेल व्हता," एक म्हातारी म्हणाली. माणसं हात धुवायला पाण्याकडे वळली.

मुलगी आईजवळ उभी होती. ती माझ्याकडे आली. रडत नव्हती.

"काका, बापूले बिडी पाहिजेच व्हती ना? मंग माले कधी सांगं का नही?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, की हो, पाहिजे होती, रोज पाहिजे होती, आणि रोज सकाळी त्याने ती तुझ्यासाठी नव्याने सोडली. एवढी दोन वाक्यं. माझ्या तोंडून निघालं, "नही व बाई, कावळा भुक्या व्हता."

ती लहान नव्हती. तिने मान हलवली आणि आईकडे परत गेली. त्याच आठवड्यात मायलेकी गावी निघून गेल्या. गाडीवर पोचवायला मी गेलो होतो, सामान वर चढवून दिलं. खिडकीशी उभा राहिलो तर तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. मी नुकतीच बिडी ओढून आलो होतो.