मुखरू मिस्त्रीचा वाघ आणि लोकांचे शेरे

म्हाताऱ्यांची कमिटी आणि एखादी नवी वस्तू समोरासमोर आली, की किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपणहून येऊन मांडीवर बसतात. माझ्या मांडीवर तर वहीच होती. कमिटीनं ती लोकांची मतं लिहायला दिली होती. मतं भरली चार पानं, आणि किस्से इतके साचले की शेवटी पुठ्ठ्यावर लिहायची वेळ आली.

वैनगंगेच्या वाळूत आमची शिवरात्रीची जत्रा भरते. ब्रह्मपुरीहून बैलगाडीनं दोन तास. गेल्या साली तिथं मुखरू मिस्त्रीनं वाघ आणला. बांबू, तट्टे, गोणपाट आणि गेरू यांचा, शेपटीसकट साठ हात लांब! मुखरूनं वीस वर्षं आरागिरणीत सागाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रॉल्या दुरुस्त केल्या होत्या. एक दिवस नोकरी सोडली आणि दोन पावसाळे पडवीत बसून हा वाघ केला.

वाघाच्या बाजूनं लाकडी रुळाचा एक चढ होता. बैलजोडी दोरानं ट्रॉली ओढत वरच्या मचाणापर्यंत न्यायची. हे काम फार सावकाश चालायचं आणि सगळी जत्रा माना वर करून बघायची. मचाणावर ट्रॉली दुसऱ्या रुळाला लागायची, दोर सुटायचा, आणि धडाडधूम! जबड्यातून आत, पोटातल्या अंधारात दोन उसळ्या, आणि शेपटीखालून बाहेर!

एकच भानगड होती. ट्रॉलीत एकामागं एक अशा दोन फळ्या, आणि मचाणावर ट्रॉली फिरवायला जागा नाही. त्यामुळे चढताना जो पुढं, तो उतरताना मागं. आणि खाली येताना दोघंही पाठमोरे!

आमच्या कमिटीचे अध्यक्ष माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ते म्हणाले, "जत्रा देवाची आहे, घसरगुंडीची नाई." शेवटी ठरलं की तीन दिवस गाडी चालवायची, लोकांची मतं लिहून घ्यायची आणि तिसऱ्या संध्याकाळी निर्णय. आमच्या कमिटीनं 'नाही' म्हटलं की नदीकाठच्या बाकीच्या कमिट्याही 'नाही' म्हणतात. स्वतःचं डोकं वापरायची त्यांना सवय नाही.

"नाई म्हनले तं ह्या वाघाचं सरपनच होईन, बाई," मुखरू मला म्हणाला.

मी नागपुरात बी. ए. केलेलं, म्हणून वही माझ्याकडं. पण बायकांनी गाडीत बसायचं नाही, नुसतं बघायचं, हाही कमिटीचाच ठराव.

"बायामानसाचं काय काम वाघाच्या पोटात?" मोठेबाबा म्हणाले.

"पुरुषमाणसाचं तरी काय काम?"

"पाहा! हे नागपूरचं शिक्षन!"

तीन दिवस माझ्या शेजारी मोठीआई सुपारी कातरत बसली. मोठीआई म्हणजे मोठेबाबांची बायको. चाळीस वर्षं ती पानाचा डबा घेऊन त्यांच्या मागं दहा पावलांवर चालते आहे. रस्ता रिकामा असला तरी दहाच पावलं! मी कितीदा तरी तिच्यावर चिडले. ती म्हणते, "चालू दे व. तब्येत बरी राहते."

* * *

पहिला उतरला डोमाजी, धानाचा शेतकरी. फेटा कानावर आलेला. मी पेन्सिल सरसावली.

"कसं वाटलं, भाऊ?"

"डावा बैल खांद्यात कमजोर आहे."

"गाडीबद्दल सांगा ना."

"गाडीले काय झालं? गाडी ठीक आहे. पन उजवा एकटाच ओढून राह्यला ना, बाई!"

दुपारपर्यंत अकरा मतं जमली. नऊ बैलांवर! एकानं तर उजव्या बैलाचा भाऊ विकायला आहे का, तेवढंच लिहून घ्यायला लावलं.

मुखरू रडकुंडीला आला. "दोन पावसाळे म्या वाघाचे पट्टे रंगवले, आन् हे बैल पाहून राह्यले!"

संध्याकाळी मोठेबाबांनी पान वाचलं आणि चष्मा काढला. "वाघाबद्दल पब्लिकचं काहीच म्हननं नाई. म्हनजे वाघाची गरज नाई."

त्या रात्री मी जेवले नाही. मोठीआई म्हणाली, "जेव. मत उद्या बी येते."

* * *

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे माजी मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार, आले. मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली, पण ते त्यांना अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. फळीवर आधीच एक तेली बसला होता. त्याला त्यांनी छडीनं मागं सरकवलं आणि स्वतः पुढं बसले.

चढताना थाट बघण्यासारखा! जत्रेला हात जोडत, जणू हत्तीवरून मिरवणूक.

आणि शेपटीखालून बाहेर पडला आधी तेली, मग मालगुजार!

लोक तेल्याला म्हणाले, "राम राम, मालक!"

मालगुजार छडी आपटत माझ्याकडं आले. "लिहा. गाडी उलटी आहे."

मी लिहिलं. तेल्याला विचारलं. तो म्हणाला, "लिवा, गाडी बराबर आहे."

मोठीआईचा अडकित्ता क्षणभर थांबला. मग पुन्हा कटकट सुरू झाली.

* * *

जंगल खात्याचा एक नाकेदार आला. त्याला गाडीत रस नव्हता. रूळ सागाचा आहे, तर लाकडावर परवानगीचा शिक्का कुठं आहे, एवढंच त्याला बघायचं होतं.

मुखरू म्हणाला, "आहे ना साहेब. वाघाच्या पोटात. डाव्या आंगाले."

नाकेदार आत चालत जायला तयार नव्हता. का, ते त्यानं सांगितलं नाही. तो ट्रॉलीत बसला. बाहेर आला तेव्हा दोन्ही हातांनी टोपी धरलेली आणि डोळे घट्ट मिटलेले.

"शिक्का दिसला?" मी विचारलं.

"वेग जास्त आहे. पुन्हा तपासावं लागेल."

पुन्हा बसला. पुन्हा डोळे मिटलेले. तिसऱ्यांदा बसला. चौथ्या वेळी मुखरू म्हणाला, "साहेब, कंदील देतो, पायी जाऊन पाहून घ्या."

"तपासणी कशी करायची ते मला शिकवू नका!"

सहा फेऱ्यांनंतर त्यानं स्वतःच्या हातानं शेरा लिहिला: 'शिक्का असावा.'

* * *

वाघाचा आवाज मुखरूचा मेव्हणा काढायचा, पोटात बसून, रिकाम्या माठात तोंड घालून. पहिल्या दिवशी बायका दचकून किंचाळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्याचा घसा बसला.

त्या वेळचे तीन शेरे वहीत जसेच्या तसे आहेत.

'वाघ आजारी वाटतो.'

'वाघाले अडुळसा द्या.'

'आतून वाघ म्हणाला, पाय आत घ्या भाऊ. वाघाचा स्वभाव चांगला आहे.'

* * *

भामरागडकडून काही माणसं मध आणि डिंक घेऊन आली होती. त्यात लालसू नावाचा एक म्हातारा. तो वाघासमोर बराच वेळ उभा राहिला. मग पायताण काढलं, कुठून तरी शेंदूर आणला आणि वाघाच्या पंजाला लावला.

झालं! त्याच्यामागं जो येईल तो चपला काढू लागला. कोणी नारळ फोडला. चपला पंजाशी, आणि माणूस उतरायचा तिकडं शेपटीला! तापल्या वाळूतून साठ हात उड्या मारत यायचे सगळे. 'चपला शेपटीकडे पोहोचत्या कराव्या' अशी सात मतं त्या दिवशी पडली.

लालसू गाडीत बसला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. उतरून माझ्यासमोर उकिडवा बसला.

"बाबा, वाघ कसा वाटला?"

त्यानं पटकन हात वर केला. "नाव नोको घेऊ, बाई. जंगलात आमी नाव घेत नाई त्याचं."

"बरं. तो कसा वाटला?"

"बनवनाऱ्याले मालूम आहे." त्यानं बोटानं ट्रॉलीचे पाठमोरे उतारू दाखवले. "समोरून तं तो कधी येतच नाई. मागूनच धरते."

मुखरूनं हे ऐकलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. ट्रॉली फिरवायला जागा उरली नव्हती, हे त्यानं त्यानंतर कोणाला सांगितलं नाही.

* * *

तिसऱ्या दिवशी सकाळी आली सखुबाई सुईण. आमच्या भागातली अर्धी जत्रा तिच्या हातून जन्मलेली. ती सरळ ट्रॉलीकडं निघाली. कमिटीचे दोन सभासद आडवे झाले.

"बायांले मनाई आहे, सखुबाई. आत अंधार आहे."

"अंधार?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमाले दोघाले अंधारातून बाहेर कोनं काढलं रे? आन् तू तं सांजेपासून सकाळपर्यंत नाई म्हनत होता!"

दोघं बाजूला झाले.

सखुबाई गेली आणि आली. शेपटीखालून निघाली तेव्हा तिथं बायकांचा घोळका जमला होता. ती लुगडं झटकत उतरली आणि मला म्हणाली, "लिही. गाडी पायाळू आहे."

"म्हणजे काय लिहू?"

"अवं, डोक्याकडून येत नाई, उलटी येते. पन पायाळू लेकरू वाईट नसते, बाई. फक्त सुईन धीराची लागते." मग मुखरूच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "सुखरूप आहे, लिही."

दुपारपर्यंत बातमी कमिटीच्या मांडवात पोहोचली.

* * *

मोठेबाबा तावातावानं आले. मागून बाकीचे चार सभासद आणि त्यांच्या मागं अर्धी जत्रा. त्यांनी वही चाळली. बैल कमजोर, गाडी उलटी, गाडी बरोबर, शिक्का असावा, वाघ आजारी, गाडी पायाळू.

"ह्याच्यावर निर्नय कसा द्याचा?" त्यांनी वही माझ्या मांडीवर टाकली. "मी सोता पाह्यतो. मंग शेरा लिहितो, आन् विषय खतम!"

आवाजावरूनच शेरा काय असणार ते कळत होतं. मुखरू बैलांच्या दोराशी उभा होता. त्यानं वाघाकडं पाहिलं, जसं घर विकताना माणूस दाराकडं बघतो तसं. मी काहीतरी तोडून बोलणार, तेवढ्यात मोठीआईनं अडकित्ता माझ्या हातात दिला आणि उठली.

मोठेबाबा चपला काढून पुढच्या फळीवर बसत होते. सगळे काढतात म्हणून त्यांनीही काढल्या.

"तू कुठी?"

"पानाचा डबा कोन धरन? वर तलफ आली मंग?"

मोठेबाबांनी गर्दीकडं पाहिलं. सखुबाई कमरेवर हात ठेवून उभीच होती. "बरं, बरं. मागं बस."

"मागंच बसते ना जी. पुढं कधी बसली का मी?"

बैल चढले. दोर सुटला. आत माठ घुमला. आणि शेपटीखालून ट्रॉली बाहेर आली. आधी मोठीआई, पदर जागच्या जागी, मांडीवर डबा. तिच्या मागून मोठेबाबा, टोपी वाघाच्या पोटात!

बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी ओरडलं, "मोठीआई पयली आली व माय!"

हशा पिकला. मोठेबाबांनी ट्रॉलीकडं पाहिलं. मग मचाणाकडं. मग मागच्या फळीकडं. त्यांच्या डोक्यात काहीतरी हिशेब जुळला.

"मुखरू, पुन्हा लाव!"

या वेळी ते वाळूतून पळतच आले आणि आधी मागच्या फळीवर जाऊन बसले. "तू पुढं बस!" ते मोठीआईला म्हणाले.

"बरं जी," मोठीआई म्हणाली आणि पुढं बसली. पदर सारखा केला. मग मागं वळून डबा त्यांच्या हातात दिला. "धरा जरा. पुढच्याले दांडी धरा लागते म्हनते मुखरू."

बैल चढू लागले. सगळ्या जत्रेनं माना वर केल्या. आधी बैल, मग मोठीआई, मग मोठेबाबा, उघड्या डोक्यानं, पानाचा डबा मांडीवर घेऊन.

अर्ध्या चढावर डावा बैल थांबला.

मुखरूनं हाकललं, चुचकारलं. बैल जागचा हलेना. मोठीआई वरून नदी बघत होती. दूर पलीकडच्या काठापर्यंत. मग तिनं खाली पाहिलं, ओळखीच्या बायका दिसल्या तशी एकेकीला नाव घेऊन विचारू लागली, "बरी आहेस ना व?"

शेवटी माणसांनी दोर धरून ट्रॉली हळूहळू मागं खाली आणली. दिवस कलला तेव्हा मोठेबाबांनी माझ्याकडून वही आणि पेन्सिल मागून घेतली. बराच वेळ वाकून लिहिलं, वही मिटली आणि निघून गेले. मुखरूला वाचता येत नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मी पान उघडलं.

'गाडी चालू ठेवण्यास कमिटीची हरकत नाही. डावा बैल आजच्या आज बदलावा.'