शिवतेजला झालेला पुरुषांचा आजार

साताऱ्यात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांना माळावर पळवून पळवून त्यांचा भुगा करणारा शिवतेज भर लग्नात जिलबी खाऊन आडवा झाला, ही गोष्ट त्याच्या गावात, कुंडलमध्ये, अजून चवीनं सांगतात. सांगू देत. त्या जिलबीनं त्याचं जेवढं भलं केलं, तेवढं दहा नवसांनी केलं नसतं.

शिवतेज जन्मला तेव्हा घरच्यांनी त्याला मुलगी मानलं होतं. तो मात्र कळायला लागल्यापासून मुलगाच होता. पुढं नाव बदललं, हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली, दाढी आली, आणि त्याचे वडील, पलटणीतले रिटायर्ड हवालदार नाथाजी आबा, त्याच्याशी बोलायचेच थांबले. भांडले असते तरी परवडलं असतं. आबा नुसते भिंतीकडं बघायचे. मध्ये तर शिवतेजचं मन असं खचलं की अंथरुणातून उठणंही नको व्हायचं. त्याला जगात एकच गोष्ट हवी होती. आबांनी एकदा चारचौघांत 'हा माझा मुलगा' म्हणावं.

चुलतभाऊ धैर्यशीलच्या लग्नात तो पहिल्यांदाच पुरुषांच्या पंगतीत बसला. सकाळपासून मांडवाच्या खुर्च्या नि पातेली उचलून झाली होती, भूक कडाडून लागली होती. नवरदेवच ताटात जिलब्या रचत म्हणाला, "बघू तरी गड्या, किती दम हाय!" पुरुष म्हणून झालेला पहिला आग्रह तो मोडणार होता थोडाच? गळ्यापर्यंत खाल्लं आणि तिथंच गादीवर लवंडला. डुलकी काढून उठायला गेला, तर पाय ऐकेनात.

"आबा, पाय हलंनात!"

चुलती बनुबाई "नजर लागली गं बाई" म्हणत मीठ-मोहऱ्या आणायला पळाल्या. आबा पळत आले, त्याला पाठुंगळी घेतलं आणि जीपमध्ये टाकलं. जीप थेट सांगलीला निघाली.

विश्रामबागेतल्या दवाखान्यात डॉक्टर भार्गवी नेमका हाच अभ्यास करत होत्या : थायरॉईडमुळं अचानक लुळे पडणारे स्नायू आणि ट्रान्सजेंडर लोकांना येणारं नैराश्य. असा पेशंट आपल्या पायांनी, छे, बापाच्या पाठीवरून चालून आलेला बघून त्यांचे डोळेच चमकले. रक्त तपासलं. थायरॉईड भडकलेलं, पोटॅशियम तळाला गेलेलं. औषध सुरू झालं.

"घाबरू नका, पाय परत येतील," त्या म्हणाल्या. "अंगमेहनत आणि वर पोटभर गोड, त्यानं होतं असं. थायरॉईडचा त्रास बायकांना जास्त, पण हे पाय जाणं बहुतेक पुरुषांनाच होतं. तुमच्या इंजेक्शनांचा त्यात किती हात, तेच आम्ही शोधतोय."

"पुरुषांनाच?" शिवतेजला हसू फुटलं. "डॉक्टर, परत एकदा सांगा की!"

"बहुतेक म्हटलं मी. बायकांनाही होतं कधीकधी."

ते ऐकतो कोण! मन उदास असतं का, झोप लागते का, असं त्या विचारायला लागल्या, तर हा हसून हसून खाट हलवतोय. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. "उदासीचं उद्या विचारते. घरात आणखी कुणाला झालं होतं का असं?"

"न्हाई," शिवतेज म्हणाला.

"व्हय," दारातून आबांचा आवाज आला. "मला झालंतं. पलटणीत. बडाखान्याला, म्हंजी पलटणीच्या मोठ्या जेवनाला, हलवा दाबून खाल्ला आन् सकाळी परेडला पाय उचलंनात. लय दिवस थायरॉईडच्या गोळ्या खाल्ल्या. घरी बोललो न्हाई. हवालदार हलव्यानं पडला म्हनली असती लोकं."

"म्हणजे हे घराण्यातून आलंय!" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच.

"आलंयच की." आबांची छाती फुगली. "पोरगा माझ्यावर गेलाय."

शिवतेजला रडू आलं आणि हसूही थांबेना. संध्याकाळी त्याची बोटं हलायला लागली, तोवर आबा पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. "मुलगा झाला, मुलगा!" म्हणत वॉर्डभर वाटत सुटले. ह्या वयात मुलगा, म्हणून वॉर्डानं तोंडात बोट घातलं आणि मग पेढा. शिवतेजनंही हात पुढं केला, तसा आबांनी पुडा मागं ओढला.

"तुला न्हाई रं. माझ्या पोराचं गोड बंद केलंय डॉक्टरनं."