एकशे शहाऐंशी हॅलो

श्रीकृष्ण टेंबे बत्तीस वर्षं आमच्या बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. राजवाड्यामागच्या कचेरीत जिन्याखाली त्यांची छोटी खोली होती. जन्मापासून डोळ्यांना दिसत नाही, पण सगळ्या शाखांचे, साहेबांच्या घरचे, डॉक्टरांचे, गॅसवाल्याचे नंबर तोंडपाठ. मी कॅश काउंटरवर असायचो. फोन उचलून नुसतं "टेंबेजी, देपालपुर शाखा" म्हटलं, की पलीकडे बटणं वाजायला लागलेली असायची. वही नाही, डायरी नाही. साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम त्या खोलीत नेऊन एखादा नंबर विचारायला लावायचे. टेंबेजी तो सांगायचे, आणि खुशीत आले तर त्या माणसाचा जुना, बंद पडलेला नंबरही सांगायचे.

मोबाइल आला तरी त्यांनी त्यात एकही नाव भरलं नाही. बटणांचा साधा फोन, नंबर डोक्यातून थेट बोटांत. "सेव्ह काय करायचं भिया, डोकं आहे ना," म्हणायचे. आमच्याकडे भैयाचं भिया होतं.

निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी, दिवाळीच्या आधी, त्यांना डेंग्यू झाला. महिनाभरानं उठले. देपालपुरला त्यांची मोठी बहीण असते, भानुमतीताई. दर गुरुवारी सकाळी तिला फोन करायचा, हा त्यांचा जुना रिवाज. त्या गुरुवारी त्यांनी सहा आकडे दाबले आणि बोट थांबलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा सहावरच थांबलं.

त्यांच्या पत्नी, उषावहिनी, स्वयंपाकघरात होत्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, "बटणांचा आवाज यायचा आणि बंद व्हायचा. असं पाच-सहा वेळा. मग आवाजच नाही. बाहेर येऊन बघते तर फोन मांडीवर, आणि हे पांढरेफटक." वहिनींच्या मोबाइलात ताईंचा नंबर होता, त्यांनी लावून दिला. टेंबेजी बहिणीशी नेहमीसारखं बोलले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

सगळेच नंबर गेले नव्हते. काही होते, काही अर्धे होते, काही सकाळी आठवायचे आणि संध्याकाळी नाही. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, वयही आहे, लिहून ठेवत जा. त्यांनी ब्रेलमध्ये लिहायला घेतलं. पण कागदांचा गठ्ठा झाला, आणि त्यातून एक नंबर शोधायचा तर दुपार जायची. मग कुणीतरी शिवांगीचं नाव सुचवलं.

शिवांगी बत्तीस-तेहेतीस वर्षांची. सरकारी कचेरीत नोकरी करते. तिलाही दिसत नाही. रविवारी ती दृष्टिहीन लोकांच्या घरी जाऊन त्यांना कॉम्प्युटर शिकवते. पहिल्या रविवारी वहिनींनी मुलाचा जुना लॅपटॉप उघडून समोर ठेवला, तशी तिनं विचारलं, "काकू, स्क्रीन चालू आहे का? काळी करून टाका. आम्हा दोघांना तिचा काय उपयोग? फालतू बॅटरी जाते."

टेंबेजी मोठ्यानं हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच, असं वहिनी म्हणतात.

लॅपटॉप जे असेल ते वाचून दाखवायचा. बाण दाबला की पुढच्या चौकोनात जायचं, आणि तिथं काय आहे ते तो बोलायचा. रिकामा असला तर "रिकामा" म्हणायचा. शिवांगी म्हणाली, "आधी दोनच रकाने करू. एकात नाव, दुसऱ्यात नंबर. एका चौकोनात एकच गोष्ट."

टेंबेजींनी पहिल्या चौकोनात लिहिलं: भानुमतीताई देपालपुर मोठी बहीण सकाळीच करावा.

शिवांगीनं ऐकलं आणि म्हणाली, "काका, हे तर पत्र झालं."

महिना-दीड महिना ते रोज बसले. आठवेल तसं भरत गेले. सकाळी डोकं ताजं असताना एखादा नंबर पूर्ण उमटला, की हातातला चहा तसाच सोडून लॅपटॉपकडे धावायचे. काही नंबर वहिनींच्या मोबाइलातून मिळाले, काही इकडूनतिकडून. लॅपटॉपचा आवाज नावं विचित्र उच्चारायचा, "पंढरीनाथ"चं काहीतरी भलतंच करायचा, आणि टेंबेजी त्याला दुरुस्त करायचे, जसा तो नवा शिकाऊ ऑपरेटरच आहे. एकशे शहाऐंशी नावं झाली.

मग शिवांगी म्हणाली, पुढच्या रविवारी नावं अकारविल्हे लावायला शिकवते. टेंबेजींना रविवारपर्यंत धीर निघाला नाही. बुधवारी त्यांनी स्वतःच नावांचा रकाना निवडला आणि लावायचा हुकूम दिला. लॅपटॉपनं इंग्रजीत विचारलं, शेजारचा रकानाही सोबत घ्यायचा, की निवडलंय तेवढंच? तेवढंच, हे त्यांना सावधपणाचं वाटलं. तेच दाबलं. यादी ऐकली तर नावं सुरेख ओळीनं. फाइल जतन केली, लॅपटॉप मिटला, आणि आनंदानं कृष्णपुऱ्यापर्यंत पायी फिरून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. मी "हॅलो" म्हणालो.

 पलीकडून आवाज आला, "हा जयेशचा आवाज नाही. हा चिंतामण आहे. कॅश काउंटर. आणि सर्दी झालीये."

"टेंबेजी!" मी ओरडलोच. ते निवृत्त झाल्यापासून आम्ही बोललो नव्हतो. "पण तुम्ही जयेशला लावत होतात ना?"

"जयेशच्या नावासमोर तुझा नंबर आहे भिया," ते सावकाश म्हणाले. "थांब जरा. काहीतरी गडबड आहे. मी करतो नंतर."

जयेश म्हणजे त्यांचा भाचा. पुढचा फोन त्यांनी दवाखान्यात केला, तो लागला बँकेच्या जुन्या ड्रायव्हरला, पंढरीनाथला. तिसरा आणखी भलत्याच कुणाला. चौथा केलाच नाही. शिवांगीला फोन लावून घेतला, तोही वहिनींच्या मोबाइलवरून.

रविवारी मीही त्यांच्या घरी गेलो. शिवांगी बाण दाबत ऐकत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "काका, पंगतीतली माणसं उठवून तुम्ही दुसरीकडे बसवलीत, पण ताटं जागच्या जागीच राहिली. नावं हलली, नंबर नाही हलले. कोण कुठल्या क्रमानं भरलं होतं, आठवतंय?"

"नाही."

"दुसरी कॉपी?"

"कॉपी?" टेंबेजींनी विचारलं.

तिनं बाणावरचं बोट काढलं. मग म्हणाली, "गलती माझी आहे. पहिल्याच दिवशी शिकवायला पाहिजे होतं."

टेंबेजींचा हात टेबलावरून सरकत तिच्या हातापर्यंत गेला, त्यांनी तो थोपटला. "बेटा, नंबर तर सगळे बरोबर आहेत ना? कुणाचा कुठला, एवढंच कळत नाहीये?"

"हो."

"मग लावतो एकेक. उचलणारा हॅलो तर म्हणेल."

वहिनींच्या मोबाइलात वीसेक नावं होती, ती लगेच जुळली. पण टेंबेजींनी त्यांनाही वगळलं नाही. सगळ्यांना फोन करायचा, वरून खाली, रोज आठ-दहा. यावेळी शिवांगीनं त्यांना नुसत्या रकान्यांवर ठेवलं नाही. खरा डेटाबेस बनवायला घेतला. त्यात प्रत्येक माणसाला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली नाव, नंबर, गाव, शेरा, असं सगळं एकत्र बांधलेलं. "आता कुणालाही उठवा, ताटासकट उठेल," ती म्हणाली. आणि रोजचं काम संपलं की आधी कॉपी, मग चहा, हा नियम घातला.

मी रिकामाच होतो, म्हणून आठवड्यातून दोन-तीन दुपारी जाऊन बसायचो. त्यांचं ऐकणं मी बत्तीस वर्षं गृहीत धरलं होतं. आता शेजारी बसून बघितलं. फोन उचलला जायचा, पलीकडून एक "हॅलो" यायचा, आणि टेंबेजींचा चेहरा उजळायचा. "पूर्वा! लोन सेक्शन. अजून तसंच घाईत बोलतेस." ओळख पटायला क्वचितच दुसरा शब्द लागला. आजारपणानं आकडे नेले होते, आवाजांना मात्र हात लावला नव्हता. हे त्यांना स्वतःलाही तोवर माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते मला हळूच म्हणाले, "चिंतामण, मी समजत होतो की माझ्याकडे फक्त नंबरच होते."

फोन पाच मिनिटांत आटपत नव्हते. पंढरीनाथला त्यांनी पुन्हा लावला तेव्हा तासभर गेला. मी एकच बाजू ऐकत होतो, तीही बहुतेक "हो का?" आणि "मला नाही आठवत" अशी. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. मग सांगितलं.

पंढरीनाथची बायको बाळंतपणाला खंडव्याला गेली होती, आणि अडली होती. पंढरीनाथ साहेबांना घेऊन दौऱ्यावर, कुठल्या गावात ते कुणालाच ठाऊक नाही. मोबाइलच्या आधीचे दिवस. टेंबेजींनी त्या दिवशी दुपारपासून रस्त्यावरची एकेक शाखा, डाकबंगला, पेट्रोल पंप, जिथं जिथं फोन होता तिथं लावत नेलं आणि संध्याकाळी त्याला एका ढाब्यावर गाठलं. तो रातोरात खंडव्याला पोचला. "मुलगी झाली, ती आता शिक्षिका आहे. तो म्हणतो, दरवर्षी तिच्या वाढदिवसाला माझं नाव निघतं त्यांच्या घरात. आणि मला ते आठवतसुद्धा नाही रे."

"शेऱ्यात लिहा," मी म्हटलं.

"काय लिहू?"

"हेच."

त्यांनी लिहिलं. त्यानंतर शेरे लांबत गेले. कुणी त्यांना ब्रेलचं घड्याळ आणून दिलं होतं, कुणी परीक्षेचं पुस्तक रोज जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं होतं. फोन करताना ते प्रत्येकाचे आभार मानायचे, आणि बरेचदा पलीकडचा माणूसच आधी मानून मोकळा व्हायचा. उषावहिनी म्हणायच्या, "घरात सारखं थँक्यू थँक्यू चाललंय, जसं लग्नघर आहे."

तेवीस दिवसांत एकशे पंच्याहत्तर नंबर जुळले. अकरा उरले. त्यातले काही बंद, काही भलत्यांकडे गेलेले. एक नंबर रोज वाजायचा, पण कुणी उचलायचं नाही. चोविसाव्या दिवशी उचलला गेला. तरुण मुलीचा आवाज होता, टेंबेजींनी कधीच न ऐकलेला.

"आप कौन?" तिनं विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं, बँक सांगितली. पलीकडे गडबड झाली, मग मुलगी मराठीत म्हणाली, "हा माझ्या आजोबांचा नंबर आहे. उदयसिंह पवार. ते मागच्या वर्षी गेले. मी खुशी. नंबर बंद नाही केला मी."

टेंबेजी खुर्चीत सरळ बसले. उदयसिंह आमच्या दारावरचा रखवालदार. उंचापुरा माणूस, पूर्वज होळकरांच्या फौजेत होते हे दिवसातून एकदा तरी सांगणारा. संध्याकाळी कचेरी सुटली की टेंबेजींचा हात धरून राजवाड्याच्या गर्दीतून त्यांना ऑटोत बसवून यायचा. एकोणीस वर्षं. पाऊस असो, कुठली मिरवणूक असो.

"बेटा," टेंबेजी म्हणाले, "तुझे आजोबा मला रस्ता ओलांडून द्यायचे. मी कधी नीट आभार मानले नाहीत. रोजचंच होतं ना. आज तुझे मानतो, चालेल?"

 खुशी म्हणाली, "ते सांगायचे तुमच्याबद्दल. म्हणायचे, मी नुसता हात धरायचो, गाड्या तर टेंबेजीच ऐकायचे. अजून काही सांगा ना त्यांचं."

त्यांनी सांगितलं. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या, मीही.

रविवारी त्यांनी शिवांगीला विचारलं, "उदयसिंहचं नाव मी काढणार नाही. पण नंबर आता त्याच्या नातीचा आहे. एका माणसाला दुसरा माणूस जोडता येतो का?"

"येतो की, काका. त्यासाठी वेगळा तक्ता करायचा आणि दोघांचे क्रमांक त्यात जोडीनं लिहायचे. थोडं कठीण आहे."

"शिकव."

दोन रविवार गेले, एकदा सगळं बिघडलं, पण कॉपी होती. तिसऱ्या रविवारी लॅपटॉपनं आपल्या वेड्यावाकड्या उच्चारात उदयसिंह वाचलं, आणि त्याखाली नात, खुशी, तिचा नंबर. टेंबेजींनी ते दोनदा ऐकलं. मग शिवांगीकडे वळून म्हणाले, "आता पंढरीनाथची मुलगी जोडू या."