रुळाकडेचं घर

शेलार सर गेल्याचं मला लॅबमध्येच कळलं. आमच्या कॉलेजच्या मेकॅनिकल विभागात कंपनांची एक लॅब आहे. तिथं यंत्र सुरू करून मी त्यांची वाट बघत होते आणि अजून कसे येत नाहीत म्हणून मनातल्या मनात चिडलेही होते. मग त्यांच्या बायकोचा फोन आला. नगरच्या घरी सकाळी अंघोळीला निघाले, तेवढ्यात छातीत कळ आली... दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. यंत्र बंद करायचं मला सुचलंच नाही. ते आपलं लोखंडी पट्टी हलवत बसलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले. हळूहळू बरं वाटेल, असं जो तो सांगतो. मला तरी वाटलेलं नाही.

सर मूळचे काष्टीचे. रुळाला लागूनच घर. दौंडकडून मालगाडी आली की आधी जमीन हलायची, मग भांडी वाजायची आणि मग गाडी दिसायची. भिंतींचे तडे दिवाळीला बुजवायचे, होळीपर्यंत ते पुन्हा उघडायचे. लहानपणी एकदा सर तापानं फणफणले होते, खाट हलली की रडायचे. तेव्हा त्यांची आई म्हणाली होती, "मोठा होऊन तूच थांबीव ही थरथर." या आईला सरांसकट सगळं गाव बाई म्हणतं. पोराला गप्प करायला बोलल्या असतील बिचाऱ्या. पण सरांनी ते मनावर घेतलं आणि त्यापायी जन्म काढला.

रूळ आणि त्याखालचे आडवे स्लीपर यांच्यामध्ये बसेल असा मऊ रबरी पॅड करायचा, म्हणजे गाडीची थरथर जमिनीत उतरायच्या आधीच त्यात जिरेल, हे त्यांचं संशोधन. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत भिंतीला तळहात लावून उभे राहायचे. मुलं म्हणायची, सर भिंतीची नाडी बघतायत. इतकी वर्षं एका लॅबमध्ये काढूनही आम्ही एकमेकांना सर-मॅडमच म्हणत राहिलो. अखेर एक पॅड जमला. स्क्रीनवरची थरथरीची रेघ जवळजवळ सरळ झाली, तेव्हा सरांनी अख्ख्या विभागाला भेळ दिली. काष्टीजवळच्या थोड्याशा रुळावर चाचणी घ्यायची परवानगीही मिळाली.

आणि मग उन्हाळा आला. वैशाखात रूळ जेवढा तापतो तेवढा पॅड भट्टीत तापवून सरांनी त्यावर भार दिला, तर पॅड पार चेपला. ज्या मऊपणासाठी सगळा खटाटोप, तोच उन्हात नको इतका वाढला. रूळ त्यावर खचला असता.

"रबर जरा कडक घेऊ, सर."

"मग थरथर आहे तेवढीच राहील, मॅडम."

"मग हाच मऊ घालू. तिथं गाड्या हळूच असतात. तुकडाही छोटा आहे."

सरांनी भट्टी बंद केली. मग म्हणाले, "त्या गाडीत कुणाची तरी बाई बसलेली असंल."

चाचणी त्यांनी स्वतःच मागं घेतली. मला रडू आलं, त्यांना आलं नाही. तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर जेव्हा गावी जायचे, तेव्हा लॅबमधले उरलेले पॅड कापून न्यायचे. रुळाखाली नाही तर निदान घरात, म्हणून खाटेच्या पायांखाली, माठाखाली, देव्हाऱ्याखाली तुकडे बसवले. भांड्यांची मांडणी भिंतीपासून पुढं ओढून तिच्याखालीही घातले. भिंतींचं मात्र काही करता येत नव्हतं. बाई शेजारणींना लेकाचं कौतुक सांगायच्या, "दत्तानी माझ्या भांड्यान्ला बी बूट घातलेत." सर हसले नाहीत. मला म्हणाले, "एवढं शिकून आईला चार रबरं दिली."

परवा काष्टीला गेले. बाई खाटेवर बसून होत्या. बोलता बोलता मालगाडी आली. माझ्या तळपायांना कळली, पण भांडी वाजली नाहीत, माठावरचा पेला जागचा हलला नाही. फक्त भिंतीवर नुकताच लावलेला सरांचा फोटो खिळ्यावर थरथरत होता, चौकट भिंतीवर टकटक आपटत होती. बाईंनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "बाई, लॅबमध्ये रबराचा एक तुकडा आहे अजून. फोटोमागं लावते, म्हणजे वाजणार नाही."

"नको, पोरी. ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "घरात तेवढंच हालतंय आता."

गाडी गेली. फोटो थांबला. पुढची गाडी कधी आहे, ते बाईंनी मी न विचारताच सांगितलं.