उकळत्या पेजेतलं विरजण

आमच्या घरात डुकरं आणली ती मी. राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर ऊस, घास, चार गायी असं बरं चाललेलं असताना मला विलायती पांढरी डुकरं पाळायची हौस आली. भावकीनं नाकं मुरडली. चुलते तर दोन महिने आमच्याकडे चहाला फिरकले नाहीत. आई माळकरी. तिनं एकदाच विचारलं, "दुसरं कायच सुचलं न्हाई व्हय रं तुला?" आणि दुसऱ्या दिवसापासून शेडवर यायला लागली. शेडसाठी वेगळं लुगडं, वेगळ्या चपला. दर खेपेला परत आली की डोक्यावरून अंघोळ, मगच स्वयंपाकघरात पाय. मी चिडवायचो, की माझ्या डुकरांनासुद्धा दिवसातून एकदाच धुतो. ती हसायची.

पहिल्या मादीला अकरा पिल्लं झाली. त्यातल्या सगळ्यात बारक्याला आई मांडीवर घेऊन बसायची. महिन्याभरानं पिल्लांचं दूध तोडलं, त्यांना मादीपासून वेगळं ठेवलं, आणि चौथ्या दिवशी हगवण लागली. डॉक्टर आले. म्हणाले, आईचं दूध तुटलं की पिल्लाच्या पोटातला सगळा कारभार विस्कटतो, चांगले जिवाणू कमी पडतात आणि वाईट माजतात. त्यांनी पावडरीचा पुडा दिला. "यात चांगले जिवाणू आहेत, दह्यात असतात तसे. जिवंत." कसं द्यायचं तेही सांगत होते, पण मला फोन आला आणि मी "हो हो, कळलं" म्हणत बाहेर गेलो. आपल्याला सगळं कळतं असा तेव्हा माझा समज होता. शेतीची पदविका होती ना घरात, फ्रेममध्ये लावलेली.

फोन ठेवून आल्यावर मी आईला सांगितलं, मक्याच्या भरड्याची पेज कर, खदखदा उकळ आणि उकळत्यातच पावडर टाक, म्हणजे पाण्यातले जंतू मरतील.

आई पुडा हातात धरून थांबली. "आरं, पर दह्यावानी हाय म्हनले ना डाक्टर? मग उकळत्यात कसं? विरजन कुनी उकळत्यात घालतं का?"

चाळीस वर्षं रोज संध्याकाळी दुधात करंगळी बुडवून, कोमट झालंय याची खात्री करूनच विरजण लावणारी बाई ती. मी तिला म्हणालो, "हे काय तुझं ताक न्हाई. औषध हाय. सांगतो तेवढं कर."

तिनं तेवढं केलं. दिवसातून तीनदा, न चुकता. पाच दिवसांत सात पिल्लं गेली. बारकं तिच्या मांडीवरच गेलं.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा चुलतेही शेडवर होते, तमाशा बघायला. आईनं नुकतीच पेज उतरवून पावडर घातली होती. डॉक्टरांनी पातेल्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"हे असं उकळत्यात घालताय रोज? अहो, सगळे जिवाणू मेले की यातले! कुणी सांगितलं?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "म्याच घातलं सायेब. अडानी मानूस मी. ह्यो नगं नगं म्हनत हुता."

"मावशी, विरजण कधी उकळत्या दुधात घालता का?"

"चुकलं," आई म्हणाली.

खरं तर मला बोलायला भरपूर वेळ होता. डॉक्टरांनी हात धुतले, चहा घेतला, गाडी सुरू केली, तरी मी गप्पच.

उरलेल्या चार पिल्लांना आईनं करंगळी बुडवून, कोमट पेजेतून पावडर दिली. ती चारही जगली.

चुलत्यांना मात्र जन्माचा किस्सा मिळाला. लग्न असो, बारसं असो, आई ताटं वाढायला आली की ते म्हणायचे, "वहिनीला विरजण लावू देऊ नका रं, उकळत्यात घालतीय ती!" पंगत हसायची. आईही पदर तोंडाला लावून हसायची. एकदा तर पाहुण्यांना हसवायला तो किस्सा मीच सांगितला. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. उद्या सांगू खरं, निवांत सांगू, असं म्हणत वर्षं गेली. तिनं एकदाही विषय काढला नाही, एकटे असतानासुद्धा नाही.

गेल्या पौषात आई गेली. तेराव्याला जेवणं उरकल्यावर आठवणी निघाल्या, आणि चुलत्यांनी डोळे पुसत पुसत तोच किस्सा काढला. बाया हसल्या, रडल्या. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "तिनं न्हाई, मी सांगितलं हुतं उकळत्यात घालायला! ती नगं म्हनत हुती. पिल्लं मी मारली!"

मग आईची बहीण, माझी मावशी, उठली. तिनं मला जवळ घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत ती बाकीच्यांना म्हणाली, "बगा, मेलेल्या आईचा दोस अंगावर घेतोय. किती जीव हुता लेकराचा आईवर."

चुलत्यांनी मान डोलावली.