सात वाजताची हजेरी

टोकेकरकाकांचा मला आधी रागच यायचा, हे सांगून टाकते. माणूस अठरा वर्षं मिलच्या फाटकावर टाइमकीपर. मिल बंद पडल्यावर चाळिशी उलटून गेलेली असताना कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आमच्या सोया तेलाच्या कंपनीत माझा साहेब होऊन बसला. मी इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन शेजारच्या खुर्चीत. बोलणार कोणाला?

२००२ साली कंपनीत सहा प्रोग्राम होते आणि माणशी सहा पासवर्ड. मेलचा वेगळा, स्टोअरचा वेगळा, पगाराचा वेगळा. लोक ते चिठ्ठीवर लिहून की-बोर्डखाली ठेवायचे. वरून हुकूम आला, सहाही प्रोग्रामना मिळून माणशी एकच लॉगिन करा, आणि पक्कं करा. मी जाडजूड पुस्तकं काढून बसले. काकांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर एक फाटक काढलं.

"अरे, ही तर आमची मिल आहे, मंजिरी. माणूस ओळख देतो फक्त गेटवर, एकदाच. तिथे त्याला पितळी बिल्ला मिळतो. मग अंदर कोणत्याच खात्यात कोणी विचारत नाही, तू कोण म्हणून. बिल्ला दाखवला, काम सुरू. पाळी संपली, बिल्ला जमा."

पुस्तकातली चार प्रकरणं त्यात आली होती. आम्ही तसंच बांधलं. पासवर्ड फक्त एकच मशीन तपासणार आणि आठ तास चालेल अशी खूण देणार. बाकीचे प्रोग्राम नुसती खूण बघून दार उघडणार. त्या दिवसापासून मी काकांना मनातल्या मनात शिव्या देणं बंद केलं.

नियमही त्यांनीच लिहिला: माणूस कंपनीतून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद. कारण आता एकाच किल्लीनं सगळी दारं उघडत होती.

२००३ च्या फेब्रुवारीत स्टोअरचे बाबूराव वारले. काकांच्याच मिलमधले, सूतकताईच्या खात्यातले. मिलची अशी दोनच माणसं आमच्याकडे होती. बाबूरावांना पासवर्ड कधी लक्षात राहायचा नाही, म्हणून काकांनी त्यांचा जुना बिल्ला नंबरच पासवर्ड करून दिला होता, ११४७. स्वतःचाही तसाच ठेवला होता. टाइमकीपरचा नंबर एक. "बिल्ल्याचा नंबर माणूस मरेपर्यंत विसरत नाही," म्हणाले. पक्क्या कामात असलं पोकळ कुलूप बघून मी कपाळावर हात मारून घेतला होता.

बाबूरावांचं खातं मात्र त्यांनी बंद केलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तेरावा होऊ दे. मिलमध्ये असंच होतं. कोणी गेला, तर तेरा दिवस त्याच्या बिल्ल्यावर दुसरा कोणी काम नाही करायचा. टाइमकीपर रोज आपल्या हातानं तो बिल्ला हजेरीच्या खिळ्यावर लावायचा. एकदम गैरहाजिर कसं करायचं माणसाला?"

मला ते बरं वाटलं नाही.

नवव्या दिवशी आमचे मॅनेजर उदयसिंह हातात कागद घेऊन खोलीत आले. बाहेरून तपासणीवाले आले होते, त्यांनी नोंदी काढल्या होत्या. बाबूराव गेल्यावरही रोज सकाळी ठीक सात वाजता आत येत होते. आमच्याच खोलीतल्या मशीनवरून. ऑफिस नऊला उघडायचं आणि खोलीची किल्ली काकांकडे.

"टोकेकरजी, या तो आप बता दो क्या चक्कर है, या मैं ऊपर बता दूँ. परसों तक."

काकांचा चेहरा उतरला. बावन्नाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कोण ठेवणार होतं? उदयसिंह गेल्यावर ते मला म्हणाले, "मी सुबे जल्दी येतो, मान्य आहे. सवय आहे ती. चहा पितो, बसतो. पण कसम से, मी हात लावला नाही, बेटा."

खोटं बोलणारा माणूस मला ओळखू येतो. हे खोटं बोलत नव्हते, आणि त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णा भागातल्या माझ्या घराकडून पहिला सवारी टेंपो धरून मी पावणेसातला पोचले. ऊन वर आलं होतं, कंपाउंडमध्ये झाडूवाली होती, भिण्यासारखं काही नव्हतं. खोलीचं दार उघडं होतं. काका खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. मी "काका" म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

सात वाजले. मिलचा भोंगा बंद होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, पण काकांनी तो वाजल्यासारखी मान उचलली. नजर खिडकीबाहेरच. हात की-बोर्डवर आले. ओठ हलत होते. एक नाव, मग थांबायचं, समोरून कोणी ओ देतंय असं ऐकायचं, मग बटण. पुन्हा नाव. पुन्हा थांबणं. मी दाराला टेकून बघत होते. सव्वासातला हात खाली आले. काकांनी वळून मला पाहिलं आणि हसले. "अरे, आज इतक्या लवकर? चहा घेणार?"

मी त्यांना बाजूला केलं आणि नाकारलेल्या प्रवेशांच्या नोंदी उघडल्या. त्या कोणी बघितल्याच नव्हत्या, तपासणीवाल्यांनीही नाही. यंत्रणा सुरू झाल्या दिवसापासून रोज सात ते सव्वासात, एकेचाळीस नावं, त्याच क्रमानं. चाळीस नावं आमच्याकडे नव्हतीच. अख्खी पहिली पाळी रोज फाटकाशी येत होती आणि परत पाठवली जात होती. एकटे बाबूराव आत जात होते. ते जिवंत असताना ही सातची नोंद कोणाला खटकलीच नव्हती.

काकांनी पडद्यावर बोट ठेवून यादी वाचली. घाबरले नाहीत. मला वाटलं रडतील. रडलेही नाहीत.

"बरोबर आहे," म्हणाले. "सगळे आहेत. एक राहिला."

"कोण?"

"मी. टाइमकीपर सगळ्यांच्या मागून आत जातो."

उदयसिंहांना त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. मी मध्ये पडले, आवाज चढवला, उपयोग झाला नाही. संध्याकाळी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि बड्या गणपतीकडच्या आपल्या घरी गेले. बाबूरावांचं खातं मी बंद केलं. काकांचंही आजच करा, असा हुकूम होता. माझ्याच्यानं झालं नाही. एक दिवस राहू दे, म्हटलं.

रात्रभर झोप लागेना म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लवकर आले. दार आतून लावून घेतलं आणि त्यांच्या खुर्चीत बसले. साडेसातला नोंदी उघडल्या. सात वाजता काही नव्हतं. पाच मिनिटांनीही नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि काकांसाठी फार वाईट वाटलं. चला, सुटले सगळे, म्हणून मी अजून खाली गेले.

सात वाजून सोळा मिनिटं. टोकेकर शरच्चंद्र. पासवर्ड बरोबर. प्रवेश दिला.

मशीन हेच होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि पावणेसातपासून मी त्या खुर्चीतून उठले नव्हते.